गोळीचं नाव सांगा

आज दातांविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात मिरगीपासून करावी लागेल. कुणी तिला फेफरं म्हणतं, कुणी फीट, कुणी आकडी. मला ती चौदाव्या वर्षापासून आहे. हे रेडिओवरून मोठ्याने सांगायला मला वयाची पस्तिशी ओलांडावी लागली.

सरकारी दवाखान्यातून मला फेनिटॉइनची गोळी सुरू झाली. स्वस्त गोळी, आणि तिने माझे झटके थांबवले, म्हणून तिला नावं ठेवणार नाही. लग्न ठरलं तेव्हा आमच्या ह्यांना सगळं सांगितलं होतं, सासरी मात्र कुणाला नाही. आईने गोळ्या कुंकवाच्या जुन्या डब्यात घालून दिल्या आणि म्हणाली, रात्री सगळे निजले की घे.

गोळी लपली, पण तोंड लपेना. समोरच्या दातांच्या मधून हिरडी मक्याच्या दाण्यासारखी फुगून वर यायला लागली. दात घासले की रक्त. रक्ताची भीती वाटून मी हळूच घासायची, मग थर साचायचा, मग हिरडी आणखी सुजायची. हसताना पदर तोंडावर. शेजारच्या काकूंनी सांगितलं, मिश्री लाव, हिरड्या आवळतात. तीही लावली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, बायांनो. तिने हिरडी आवळत नाही, खराब होते, आणि सवय लागते ती वेगळीच. मला ती सोडायला वर्ष गेलं.

तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘‘काही आजार? कसल्या गोळ्या चालू आहेत?’’ शेजारी सासूबाई बसलेल्या. मी म्हटलं, ‘‘नाही.’’ त्यांनी दात साफ करून दिले, नीट घासत जा म्हणून रागावले, आणि चार महिन्यांत पुन्हा तेच. त्यांची काय चूक? फेनिटॉइनने हिरड्या वाढतात हे वैद्यकाला १९३९ सालापासून माहीत आहे. पण गोळीच सांगितली नाही तर ते ओळखणार कसं?

पुढे फुगलेल्या हिरडीखाली दाढ किडली, पू झाला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. दाढ काढायची म्हणून सकाळपासून उपाशी राहिले, आणि पोटात काही नाही म्हणून आदल्या रात्रीची गोळीही घेतली नाही. हे सगळं आपल्याच डोक्याने. झोप नाही, जेवण नाही, गोळी नाही. झटका यायला आणखी काय लागतं? दुसऱ्या एका डॉक्टरबाईंच्या खुर्चीवर बसले आणि तिथेच फीट आली. मला फक्त वरचा पंखा आठवतो. बाकीचं नंतर ह्यांनी सांगितलं. बाईंनी तोंडातला आरसा चटकन काढला, खुर्ची आडवी केली, मला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. सासूबाई चप्पल हुंगवायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. दातांत चमचाही घालू दिला नाही. चमच्याने दात तुटतात, तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो. झटका पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर १०८ ला फोन करायचा असतो. माझा दीड-दोन मिनिटांत थांबला.

दाढ त्या दिवशी काढली नाही. आठ दिवसांनी सकाळची वेळ दिली. रात्री पूर्ण झोप, सकाळी नाश्ता, गोळी वेळेवर, आणि सोबत माणूस. दिव्याचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून काळा चष्मा दिला. बधिर करायचं इंजेक्शन घेतलं, काही झालं नाही.

बाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली, हिरड्या वाढल्या म्हणून मिरगीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अचानक बंद केली तर झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतू शकतं. गोळी बदलायची का, हे मेंदूच्या डॉक्टरांनी ठरवायचं. माझी त्यांनी हळूहळू बदलली. हिरड्या बऱ्याच उतरल्या, समोरच्या मात्र थोड्या कापाव्या लागल्या. दुसरी, मेडिकलमधून परस्पर औषध आणायचं नाही. ट्रॅमाडॉल नावाच्या दुखण्याच्या गोळीने झटका येऊ शकतो. कार्बामाझेपिन घेणारीला एरिथ्रोमायसिन दिलं तर चक्कर येते, एकाचे दोन दिसतात. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दात काढताना रक्त जास्त वाहू शकतं, म्हणून आधी सांगायचं. ही नावं पाठ करत बसू नका. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या.

एका श्रोत्या बहिणीने विचारलं होतं, फीट येऊन पडले, दोन दात गेले, कवळी बसवू का? काढता येणारी छोटी कवळी झटक्यात निसटून घशात जाण्याचा धोका असतो. पक्के बसवलेले दात बरे, डॉक्टरांशी तसं बोला. आणि पडल्यावर मोठ्या माणसाचा दात मुळासकट निघाला तर तो टाकू नका. मुळाला हात न लावता वरून धरा, कपभर दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दवाखाना गाठा. पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

मी आता मऊ ब्रशने दोन वेळा घासते, रक्त आलं तरी थांबत नाही, आणि तीन-चार महिन्यांनी कीटण काढून घेते.

तुम्ही विचाराल, सासूबाईंचं काय झालं? त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता माहेरी पाठवतात. मिरगी असल्याने लग्न रद्द होईल अशी तरतूद हिंदू विवाह कायद्यात होती, ती १९९९ मध्ये काढून टाकली, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. रात्री त्या कुंकवाचा डबा घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. कुठे ठेवते हे त्यांना केव्हापासून माहीत होतं, देव जाणे. म्हणाल्या, ‘‘आधी चार घास खा, मग घे.’’

डबा आता स्वयंपाकघरात फळीवर असतो.