झेटा की अल्फा?

२०२३ साली मारुतीची जिमनी आली. भाच्याने विचारलं, "मामू, झेटा घेऊ की अल्फा?" त्याला दापोलीकडच्या लाल चिखलातून जायचं. शोरूमवाला मात्र अल्फाचा मोठा पडदा दाखवत होता. अहो, चारही चाकं ओढणारी यंत्रणा, चढणीचा लो गिअर आणि सहा एअरबॅग दोन्हींत सारख्याच. चढावर स्वस्त झेटा कुठेच उणी नाही. अल्फाचं अलॉय चाक दगडावर आपटलं तर तडकू शकतं; झेटाचं पोलादी चाक बहुधा ठोकून सरळ होतं. पण अल्फाच्या एलईडी दिव्यांना पाण्याची फवारणी आहे. पावसाळी रात्री चिखलाने दिवा आंधळा झाला की रस्त्याची कडा दिसत नाही. म्हटलं, "रात्रीची ये-जा असेल तर अल्फा घे, नाहीतर झेटा, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर."