जात्यापासून गिरणीपर्यंत कविता
(एरंडोल येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण वाचनालयात. कुणी म्हणेल, कामगाराला कविता कशाला पाहिजे? ते पोट भरल्यावरचं काम. मला उलटं वाटतं. ज्याच्या वाट्याला दिवसभर कष्ट आहेत, त्यालाच कविता जास्त लागते.

आमच्या खात्यात आठ तास धागे तुटतात आणि आम्ही ते सांधतो. यंत्रांच्या आवाजात शेजारच्याशी बोलता येत नाही, हाताच्या खुणा चालतात. हजेरीला नावापेक्षा नंबर मोठा. अशा वेळी पाठ असलेली एखादी ओळ मनात फिरत राहते. तिने पगार वाढत नाही. पगारासाठी युनियनच लागते. पण आपण नंबर नाही, माणूस आहोत, याची आठवण ती ओळ देते. आणि ज्याला ही आठवण राहते, तोच युनियनच्या सभेला येतो.

कविता ही शिकलेल्यांची मिरास नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करताना त्यांना गाणी सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी ती टिपली म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. जिने शाळा पाहिली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज आपली मुलं पदव्या घेतात!

नारायण सुर्वे गिरणी कामगाराच्या घरात वाढले, स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांचा पहिला संग्रह १९६२ सालचा. सिन्नर तालुक्यातले वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि बाबासाहेबांचा विचार गाण्यातून खेडोपाडी नेला. जिथे पुस्तक पोचलं नाही, तिथे गाणं पोचलं.

आणि आपल्या थेरीगाथेत काय आहे? मुत्ता थेरी उखळ-मुसळातून सुटल्याचा आनंद सांगते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही बाईचे घरातले कष्ट हा कवितेचा विषय होता.

माझी माय जात्यावर अहिराणीत ओव्या म्हणायची. ती गेली तेव्हा मी तिसरीत होतो. आज मला चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. बहिणाबाईंचं टिकलं, कारण घरात लिहिणारं माणूस होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पण आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे कोण जाणार? पिठाची चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओवी येणाऱ्या आज्या दरवर्षी कमी होताहेत.

म्हणून तरुणांना हात जोडून विनंती आहे. वही घेऊन आजीजवळ बसा. मोबाईलमध्ये तिचा आवाज भरा. खाली तिचं नाव, गाव लिहा. भाषा शुद्ध करायला जाऊ नका. ती बोलेल तसंच उतरवा. आपल्या बायांनी घाम गाळला, तो कुठल्या वहीत नोंदला गेला नाही. निदान त्यांचं गाणं तरी नोंदलं जावं.

एवढं बोलून माझे चार शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!