गठाण पुन्हा दाबता येत नाही

टेलिफोनच्या तारेवरून मोडेमनं नेट चालायचं त्या काळात परतवाड्याच्या बाजारात एका दुकानदारभाऊंनी मला अडवलं. म्हणाले, "सर, मायं नेट १,१५,२०० वर जुळते, तरी नातवाचा फोटो उतरेपर्यंत चहा थंडा होऊन जाते!"

अहो भाऊ, तो आकडा टेलिफोनच्या तारेचा नव्हेच. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या हातभर केबलचा. मोडेमच्या खोक्यावर '५६ के' छापलेलं असलं तरी तेव्हा आपल्याकडच्या तारेवर सेकंदाला ३३,६०० बिट मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. पाठवताना तर असा व्ही-९० मोडेम त्याच्या वर जातच नाही.

मग केबलला एवढी घाई कशासाठी? दाबणीसाठी. रुई दाबायची प्रेस काय असते हे मी वऱ्हाडात सांगायला नको. मोकळ्या रुईनं ट्रक भरला तर नुसता फुगलेला दिसतो. तीच रुई दाबून १७० किलोच्या गठाणी बांधल्या की त्याच ट्रकमध्ये कितीतरी जास्त माल बसतो. ट्रक मात्र त्याच रस्त्यानं, त्याच चालीनं जातो! मोडेममधली व्ही-४२ बिस ही १९९० सालची पद्धत हेच करते. मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे अक्षरांचे पुंजके वहीत टिपायचे आणि नंतर त्यांच्या जागी नुसता क्रमांक धाडायचा. पलीकडचा मोडेम तशीच वही ठेवून गठाण सोडतो. फार तर चौपट माल. त्या चौपटीसाठी केबल मोकळी हवी.

आता फोटो. जेपीईजी, एमपी-थ्री, झिप, या सगळ्या बांधून आलेल्या गठाणी. गठाण पुन्हा प्रेसमध्ये घातली तर काय निघेल? गठाणच. जुनी एमएनपी-५ पद्धत तर असला माल उलट थोडा फुगवायची. पुन्हा सांगतो, कारण उद्या हेच विचाराल: पत्र दाबलं जातं, फोटो दाबला जात नाही.

पावसाळ्यात जोडात पाणी शिरून खरखर सुरू झाली की खराब झालेला माल मोडेम परत मागवतो. ही चूक-दुरुस्ती चालू नसेल तर दाबणीही बंद, कारण एक अक्षर चुकलं की दोन्हीकडच्या वह्या जुळत नाहीत.

तर भाऊ, मुलाला सांगा, फोटो आधी लहान कर, मग पाठव. झिप करून नको.