सुंदर गावाची किंमत कोण मोजतो?



मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर, सान मिगेल दे आयेन्दे हे गाव वसले आहे. गुलाबी दगडाचे चर्च, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, सौम्य हवा. १८१० च्या स्वातंत्र्ययुद्धाचे एक सेनानी इग्नासियो आयेन्दे यांचे हे जन्मगाव. २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज येथे हजारो परदेशी, मुख्यतः निवृत्त अमेरिकन, घर करून राहतात. या घटनेचे नुसते कौतुक करून भागणार नाही आणि नुसता रोष धरूनही भागणार नाही. तिच्यामागील अर्थकारण तपासले पाहिजे.

या वसाहतीचा प्रारंभ कलेतून झाला. १९३७ साली स्टर्लिंग डिकिन्सन हा अमेरिकन चित्रकार येथे आला आणि कलाशाळेच्या कामात रमला. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी अमेरिकन सैनिक सरकारी शिक्षणवेतनावर येथे शिकू लागले. तेवढ्याच डॉलरांत येथे अधिक सुखाने राहता येई. थोर साम्यवादी चित्रकार सिकेरोस यांनीही येथे शिकवले; १९४९ साली चालकांशी मतभेद होऊन ते निघून गेले. त्यांचे अपुरे भित्तिचित्र जुन्या मठात आजही आहे. पुढे विद्यार्थ्यांच्या पाठोपाठ निवृत्तांची रीघ लागली.

निवृत्ताचे वेतन डॉलरमध्ये येते. त्याच्या घरी राबणाऱ्या गवंड्याची, मोलकरणीची मजुरी पेसोमध्ये ठरते. एकाच घरासाठी ही दोन उत्पन्ने बाजारात उभी राहिली की घर कोणाकडे जाणार, हे सांगायला नको. मूळ कुटुंबे कडेच्या वस्त्यांकडे सरकतात. घर विकणाऱ्याला निदान एकदा पैसा मिळतो, भाडेकरूला तोही मिळत नाही. गावाचे सौंदर्य अनेक पिढ्यांच्या श्रमांनी घडले. त्याची वाढलेली किंमत मात्र जमीनमालकाच्या पदरात पडते. अर्थशास्त्र हिलाच अनर्जित वाढ म्हणते. परदेशीयांमुळे रोजगार मिळाला, त्यांच्या पुढाकाराने सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दानधर्माने घरभाडे उतरत नाही.

याच ग्वानाह्वातोतून पिढ्यान्‌पिढ्या मजूर उत्तरेकडे जात आले. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो करारान्वये लाखो मेक्सिकन शेतमजुरांनी अमेरिकेची पिके काढली. आज तसाच मजूर कागदपत्रांवाचून सीमा ओलांडतो, तो अटकेची धास्ती घेऊन. उलट दिशेने येणारा निवृत्त उत्पन्नाचा दाखला देतो आणि वास्तव्याचा परवाना मिळवतो. सीमा एकच, भांडवलाला व पेन्शनला ती दार आहे, श्रमाला भिंत.

मेक्सिकोच्या १९१७ च्या संविधानाने जमीन व पाणी मूलतः राष्ट्राचे मानले. सीमेपासून १०० आणि किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना थेट मालकी मिळत नाही. अंतर्भागातील सान मिगेलात ती मिळते. मात्र मालमत्तेच्या वादात आपल्या सरकारला मध्ये आणणार नाही, असे लिहून द्यावे लागते. या तरतुदींनी राष्ट्राचे सार्वभौमत्व राखले, भाडेकरूचे छप्पर राखले नाही. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको शहरात वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चे निघाले. परकीयांनी चालते व्हावे अशा घोषणा झाल्या, दुकानांच्या काचा फुटल्या. राष्ट्राध्यक्षा क्लाउदिया शेनबाउम यांनी परकीयद्वेषाचा निषेध केला, तो योग्यच होता. संताप खरा आहे, पण तो माणसाच्या पारपत्रावर काढून उपयोग नाही. जमिनीच्या वाढत्या मूल्यावर कर, भाड्याची सार्वजनिक घरे, पर्यटकांना खोल्या देण्यावर नियंत्रण, हे समाजवादी उपाय आहेत.

परका माणूस मेक्सिकोत कसा रुजू शकतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या जवळचे आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतील क्रांतिकारक, १९२० च्या दशकात निर्वासित म्हणून तेथे पोहोचले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले.

प्रत्येक निवृत्ताने खानखोजे व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याने अडवलेल्या जागेचा न्याय्य कर भरावा आणि त्या करातून त्याच्या मोलकरणीला त्याच गावात घर मिळावे, एवढी मागणी मात्र रास्त आहे, आणि ती संघटितपणे केली पाहिजे.