मोटारीचे ब्रेक : नव्या डिस्क आणि पॅड निवडतांना



मोटार ही आतां केवळ धनिकांची चैन राहिलेली नाहीं. माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराच्या दारांतही एखादी लहानशी मोटार उभी असते, आणि सुटीच्या दिवशीं बाह्या सरसावून तिचें चाक खोलण्याचा छंद पुष्कळांस जडलेला असतो. मलाही तो आहे. मी इंजिनिअर नव्हे. परंतु ब्रेकच्या बाबतींत माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिची पुरी किंमत मोजण्यांतून मी थोडक्यांत वांचलों. तीच हकीकत आज सांगणार आहें.

२०२२ सालच्या मे महिन्यांत आम्ही पांचगणीहून वाईस पसरणीच्या घाटानें उतरत होतों. बरोबर मुलगी, जांवई आणि सात वर्षांचा नातू. चार-पांच वळणें उतरल्यावर कांहींतरी करपल्यासारखा वास येऊं लागला. पुढचें वळण दिसतांच ब्रेकवर पाय दिला; पेडल घट्ट लागलें, पण मोटार मंदावेना. दगडावर पाय द्यावा तसें झालें. गिअर दुसऱ्यांत, मग पहिल्यांत टाकला, हातब्रेक बेताबेतानें ओढला आणि डोंगराच्या अंगास गाडी कशीबशी उभी केली. "आजोबा, इथें कां थांबलों?" असें नातवानें विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं.

दोनच महिन्यांपूर्वी पुढच्या चाकांचे पॅड मीं स्वतःच बदलले होते. दुकानदारानें गाडीचें नांव तेवढें विचारलें आणि एक खोका पुढें टाकला. मीं शंका काढली, तेव्हां तो म्हणाला, "बसतात हो मास्तर, घेऊन जा!" ते बसलेही. शहरांत दोन महिने तक्रार नव्हती. बसणें आणि थांबविणें हे दोन वेगळे गुण आहेत, हें मला घाटानें शिकविलें.

एक हिशेब पाहा. माणसें व सामान धरून मोटारीचें वजन १,००० किलोग्रॅम माना. ती ५०० मीटर खालीं उतरली म्हणजे सुमारें ४९ लक्ष जूल ऊर्जा कोठेंतरी खर्च झालीच पाहिजे. कांहीं भाग हवेच्या विरोधांत जातो, कांहीं एंजिन शोषून घेतें, जर आपण खालचा गिअर ठेवला असेल तर! मीं तो ठेवला नव्हता, हेंही कबूल करतों. मग बहुतेक सारी ऊर्जा डिस्क व पॅड यांच्या घर्षणांत उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेनें १६ लिटर गार पाण्यास उकळी फुटेल. हलक्या पॅडांतील चिकटद्रव्यें अशा तापानें जळूं लागतात आणि पॅडाची पकड सुटते.

घरीं येऊन चाक खोललें, तों पॅडाचा पृष्ठभाग कांचेसारखा गुळगुळीत झालेला, आणि डिस्कवर निळसर डाग. पॅडाच्या पाठीवर ना कर्त्याचें नांव, ना अक्षर, ना आंकडा.

तेव्हां निवडीची पहिली पायरी दुकानांत नसून आपल्या अंगणांत आहे. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. नव्या डिस्कहून ती साधारण दोन मिलिमीटरनें कमी असते. मोजतांना मात्र व्हर्नियरवर विसंबूं नका. पॅड जेथपर्यंत पोंचत नाहीं, त्या बाहेरच्या कडेस न झिजलेला कंगोरा राहतो. व्हर्नियरचे जबडे त्याच्यावर टेकतात आणि झिजलेली डिस्कही धडधाकट भासते. शाळेच्या प्रयोगशाळेंतला स्क्रूगेज घ्या, कंगोऱ्याच्या आंत सहा-आठ ठिकाणीं मोजा आणि सर्वांत लहान आंकडा खरा माना. तो किमान जाडीच्या खालीं गेला असेल, खोल चरे किंवा तडे असतील, तर नवी डिस्क घ्यावी. कोंकणांत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो. वरवरचा असेल तर थोडें चालविल्यावर तो निघून जातो, खड्डे पडले असतील तर मात्र जात नाहीं. पॅडाचा घर्षणाचा थर तीन मिलिमीटरवर आला कीं बदलण्याची वेळ झाली असें समजावें.

दुसरें, गाडीचें नुसतें नांव सांगूं नये. एकाच नांवाच्या गाडींत निरनिराळ्या सालीं निरनिराळे कॅलिपर बसविलेले असूं शकतात. चॅसिस नंबर आणि बनावटीचा महिना कागदावर लिहून न्या. जुना पॅडही न्या. नव्याच्या पाठीस पाठ लावून आकार, कान व खांचा जुळतात कीं नाहीं तें पाहा. डिस्कचा व्यास, उंची आणि बोल्टांचीं भोंकें हींही तशींच ताडून पाहावीं.

पॅडांच्या जाती ढोबळ मानानें तीन : सेंद्रिय द्रव्यांचे मऊ पॅड आवाज करीत नाहींत, पण तापास लवकर हार जातात, धातुमिश्रित पॅड ताप सोसतात, पण कुरकुरतात आणि डिस्क अधिक झिजवितात, सिरॅमिकचे महाग, धूळ कमी. कोणता घ्यावा? माझें मत साधें आहे : कारखान्यानें मूळ जो प्रकार दिला तोच, नामांकित कर्त्याचा. कांहीं पॅडांवर दोन इंग्रजी अक्षरें असतात. पहिलें साध्या तापमानांतील पकड दर्शवितें, दुसरें तापल्यावरची. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' ०.४५ ते ०.५५. दुसरें अक्षर पहिल्याहून खालचें असेल, तर घाटवाल्यांनीं तो पॅड परत द्यावा. अक्षरांत सारी परीक्षा येत नाहीं, हें खरें; युरोपांत ९० क्रमांकाच्या नियमान्वये बदली पॅडाचें काम मूळच्या पॅडाहून १५ टक्क्यांपेक्षां अधिक वेगळें असून चालत नाहीं. त्या मान्यतेची, वर्तुळांतील 'ई'ची खूण दिसल्यास उत्तम. हा 'ई' वेगळा आणि वरचा वेगळा, तेवढें ध्यानांत ठेवा. भोंकें पाडलेल्या, चमकदार डिस्कांचा मोह मात्र तरुणांनीं आवरावा. भोंकांच्या कांठीं तडे जातात, आणि भाजी आणावयास त्यांची गरज नसते.

खर्च वाचविण्यासाठीं एकाच चाकाचे पॅड बदलूं नयेत; एका बाजूची पकड अधिक झाली कीं गाडी तिकडे ओढ घेते. डिस्कही जोडीनेंच, आणि नव्या डिस्कला नवेच पॅड. नव्या डिस्कवरचें गंजरोधक तेल पुसून काढा. चाकांतली धूळ फुंकूं नका, ओल्या फडक्यानें टिपा. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं हात घालूं नका, पक्के स्टँड लावा. आणि काम संपल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं पेडल पुन्हां पुन्हां दाबून घट्ट करा, नाहींतर पहिला ब्रेक रिकामाच जाईल.

मीं दोन्ही डिस्क व चारही पॅड नवे घातले. पहिले २०० किलोमीटर जोराचा ब्रेक टाळला. मोकळ्या रस्त्यावर ताशीं ५० वरून १०-१२ वेळां हळूहळू वेग उतरवून पॅड डिस्कशीं जुळवून घेतले. पुढें दिवाळींत पुन्हां पसरणीच्याच घाटानें उतरलों, सबंध घाट दुसऱ्या गिअरमध्यें. वाईस पोंचल्यावर चाकाजवळ नाक नेऊन पाहिलें. कसलाच वास नव्हता.