मेणाचं ऑम्लेट



जपानमधल्या एखाद्या रेल्वे स्टेशनाबाहेर भूक लागली, की साधं शोकुदो शोधावं. शोकुदो म्हणजे चार पैशांत पोटभर जेवण देणारी खानावळ. तिच्या दाराशी काचेचं कपाट असतं आणि त्यात अख्खा मेन्यू मांडलेला असतो. भाजलेल्या माशाचं ताट, सोबत भात, मिसो सूप आणि लोणचं. शेजारी करी-राइस, रामेन आणि उदोन नूडल्स. केचपमध्ये परतलेली ‘नापोलितान’ स्पॅगेटी, जिचा नेपल्सशी नावापुरताच संबंध. पोटात भात दडवलेलं ऑम्लेट, म्हणजे ओमुराइस. स्पॅगेटी गुंडाळलेला काटा तर चक्क हवेत अधांतरी! सगळं खोटं, पण किमतीची चिठ्ठी खरी. जपानीचा एक शब्द न येणारा प्रवासी वेटरला बाहेर आणतो, काचेवर बोट ठेवतो आणि जेवून निघतो. यांनी आपल्यासाठी किती सोय केलीय, असं त्याला वाटतं.

सोय आहेच. पण ती जपान्यांनी आधी स्वतःसाठी केली होती.

सम्राट मेइजी यांनी १८७२ साली गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, आणि शतकानुशतकं मांसाकडे पाठ फिरवून बसलेल्या देशात कटलेट, करी, ऑम्लेट असे पदार्थ मानाने शिरले. जुन्या दुकानांची रीत मात्र एककल्ली होती. सोबा-नूडल्सवाला सोबाच विकणार, सुशीवाला सुशीच. एका छपराखाली जपानी, पाश्चात्त्य, चिनी असं सगळं मांडलं ते मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या भोजनगृहांनी. बाहेरगावाहून खरेदीला आलेलं कुटुंब तिथे एकत्र बसू लागलं. आजीला सोबा, बापाला कटलेट, पोरांना गोड काहीतरी. अडचण इतकीच, की पाटीवरचं नाव वाचता आलं तरी ताटात नक्की काय येणार, हे कळायला मार्ग नव्हता.

मग १ सप्टेंबर १९२३ उजाडला. दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या असताना टोकियो परिसरात महाभूकंप झाला आणि आगींनी शहर खाल्लं. मृतांचा आकडा लाखाच्या घरात गेला. त्या पडझडीतून सावरताना शिरोकिया या जुन्या, नावाजलेल्या स्टोअरने आपल्या भोजनगृहाबाहेर पदार्थांचे मेणाचे नमुने ठेवले, आणि जेवणाची तिकिटं आधीच विकायला सुरुवात केली. बघा, ठरवा, तिकीट घ्या, मग बसा. गर्दी भराभर पुढे सरकू लागली. आज शोकुदोच्या दाराशी बटणं दाबून तिकीट देणारं यंत्र दिसतं, त्यामागची रीत हीच.

मेणाचा पहिला पदार्थ कुणी घडवला, यावर क्योटो, टोकियो आणि ओसाका अशी तिन्ही शहरं हक्क सांगतात. त्या वादात मी शिरत नाही. पण या नमुन्यांचा धंदा उभा केला तो ताकिझो इवासाकी या गृहस्थाने. जन्म १८९५, गाव गिफू प्रांतातलं गुजो हाचिमान. पाण्यात पडलेल्या मेणाच्या थेंबांची फुलं होतात, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं, असं सांगतात. बायकोने केलेल्या ऑम्लेटवरून त्याने मेणाचं ऑम्लेट बनवलं आणि १९३२ साली ओसाकात कारखाना काढला. त्याची खरी हुशारी हिशेबात होती. नमुना विकण्याऐवजी तो महिन्याच्या भाड्याने देई. छोट्या खानावळीलाही ते परवडे, आणि उन्हाने रंग उडाला की नवा नमुना येई.

उन्हाचं संकट खरंच मोठं होतं. भर उन्हाळ्यात मेणाचा मासा मान टाकायचा. म्हणून १९७० नंतर प्लास्टिक आलं. आता खानावळ आपला खराखुरा पदार्थ कारागिराकडे पाठवते. त्यावर सिलिकॉन ओतून साचा काढतात, त्यात व्हिनाइल भरून भट्टीत भाजतात, आणि मग रंगकाम सुरू होतं. माशाच्या कातडीवर जळल्याचा डाग कुठे असावा, हे हातानेच ठरतं.

मेणाची कला पाहायची, तर गुजो हाचिमानच्या कार्यशाळेत. कोमट पाण्यावर आधी पांढरं मेण ओततात, त्याला लागून हिरवं. तरंगणाऱ्या पातळ सायीची कड चिमटीत धरून पाण्याखाली हळूच ओढली, की तिला आपोआप चुण्या पडतात. तिचा गोळा वळून सुरीने मधोमध कापला, की आत लेट्यूसचे पापुद्रे! तेंपुरासाठी पिवळं मेण उंचावरून धारेने सोडतात. पाण्यावर पिठाचा चुरा पसरल्यासारखं दिसतं, तो कोळंबीभोवती गुंडाळायचा. देशातले निम्म्याहून अधिक नमुने याच गावात घडतात, असं म्हणतात.

स्टोअरच्या त्या भोजनगृहांनी आणखी एक लाडका पदार्थ दिला. १९३० साली टोकियोतल्या निहोनबाशीच्या मित्सुकोशी स्टोअरमध्ये खास मुलांसाठी एक ताट निघालं. भाताचा छोटा फुजी पर्वत आणि त्याच्या शिखरावर खोचलेला कागदी झेंडा. हे ताट आजही मिळतं. १९७० पासून ‘फॅमिली रेस्टॉरंट’च्या साखळ्या आल्या, चकचकीत फोटोंची मेन्यूकार्डं आली, आता टेबलावर टॅब्लेटही असतो. तरी कपाटं टिकून आहेत, कारण फोटोत वाटी किती खोल आहे ते कळत नाही.

आता आपल्या शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. कपाट आकार दाखवतं, रंग दाखवतं, भाव सांगतं. सूप कशात उकळलंय ते मात्र सांगत नाही. वर नुसती कांद्याची पात दिसणाऱ्या उदोनच्या पाण्यात बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचा अर्क असतो. थंड सोबाच्या बुडवणीत तो असतो, आणि तळलेल्या तोफूवर ओततात त्या रसातही. करीत भाज्या दिसल्या म्हणून हुरळू नये, तिच्या मसाल्याच्या वडीतही प्राण्यांची चरबी असू शकते. तेव्हा बोट दाखवण्याआधी ‘कात्सुओ?’ एवढं विचारावं. उत्तर ‘हाय’ आलं, तर तो आपला नमस्कार नव्हे, होकार आहे. मग शेजारच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात जावं आणि उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ भरलेला भाताचा त्रिकोण घ्यावा. त्याच्याही वेष्टनावरची यादी तेवढी कुणाकडून तरी वाचून घ्यावी.