समीक्षकांनी धुतलं, लोकांनी पाहिलं

तर मंडळी, आजचा सिनेमा आहे 'अंडरवर्ल्ड: इव्होल्यूशन'. साल २००६, दिग्दर्शक लेन वाइजमन. व्हॅम्पायर विरुद्ध वेअरवुल्फ, भाग दुसरा. समीक्षकांनी याला अक्षरशः धुऊन काढलं: कथेचा गुंता आणि नुसता गोंगाट. तरी जगभरातला गल्ला ११ कोटी डॉलरच्या आसपास!

मग चुकलं कोण? माझ्या मते कुणीच नाही. पहिला भाग पाहिला नसेल, तर मार्कस का चिडलाय तेच कळत नाही. तक्रार रास्त आहे. पण पाहिला असेल, तर सेलीनची काळजी वाटते. ज्या व्हिक्टरने तिला लेकीसारखं वाढवलं, त्यानेच तिचं घर संपवलं होतं. तिने त्याला मारलं; आता तिचेच लोक तिच्या जिवावर उठलेत.

म्हणून रेटिंग बघून सोडू नका. आधी २००३चा भाग बघा, मग हा. आणि कमेंटमध्ये भांडायला या!